परस्परसंबंध: प्रमाणित कार्यपद्धती

व्याप्ती: भोसरीतल्या एका गाळ्याच्या वर्कशॉपपासून चाकणच्या महाळुंगे-खराबवाडीपर्यंत जिथे जिथे शटर आहे, तिथे ही कार्यपद्धती लागू राहील. आयएसओच्या फायलीत ती लावू नये. ऑडिटर उगाच नोंदवही मागतो.

सुरुवात नाश्त्याच्या मीटिंगने करावी. सकाळी सातला एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये ब्लेझर घालून हजर राहावे. हाताला कूलंटचा वास येत असेल तर येऊ द्यावा. नाहीतर विमावाले आणि उत्पादक यांत फरक कळत नाही. ही पद्धत मूळची अमेरिकेची. इव्हान मिसनर यांनी 1985 साली बीएनआय ही नेटवर्किंग संस्था काढली. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला. तुम्ही दुसऱ्याला काम मिळवून द्या, तुम्हालाही मिळेल, असा एकूण हिशेब. बीएनआयचा आणखी एक नियम आहे: एका गटात एका धंद्याचा एकच माणूस. म्हणजे तुम्ही व्हीएमसी मशीनवर जॉबवर्क करत असाल तर दुसरा व्हीएमसीवाला दाराबाहेर. तुम्ही बसायचे डेंटिस्ट, सीए आणि मॉड्युलर किचनवाल्याच्या मध्ये.

आपली पाळी आली की उभे राहून ‘प्रिसिजन’, ‘क्वालिटी’ आणि ‘वेळेत डिलिव्हरी’ हे शब्द उच्चारावेत. तिसरा शब्द उच्चारताना ओळखीचा ग्राहक हॉलमध्ये नाही ना, याची खात्री करून घ्यावी. गटातल्या विमावाल्याकडून पॉलिसी पहिल्याच आठवड्यात घेऊन मोकळे व्हावे. शेवटी घ्यावीच लागते.

चाकणला भेटायला जाताना घाई करू नये. ‘तळेगाव चौकात अडकलोय’ या वाक्यावर महाराष्ट्रात कुणीही शंका घेत नाही. भोसरीत बसून म्हटले तरी चालते. मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांना दिवाळीत सुकामेवा द्यावा, पेमेंटचा विषय काढू नये. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. तो सगळ्यांना पाठ आहे. पण साहेबांना कायद्याची आठवण करून देणारा सप्लायर साहेबांच्या लक्षात कायमचा राहतो, आणि तसे लक्षात राहणे या कार्यपद्धतीत अभिप्रेत नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे गुरुवार.

बाहेरच्यांसाठी खुलासा: पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी इकडे मशिनी चालू आणि गुरुवारी रस्त्यावर कुत्री झोपलेली. अशाच एका गुरुवारी मला शुक्रवारी सकाळचा माल तपासायचा होता आणि बारा बाय सव्वाची थ्रेड गेज ऑपरेटरच्या हातून पडली. ‘गो’च्या पहिल्याच आट्याला ओरखडा. गो आत गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये, एवढे साधे शास्त्र. पण माझी गो आता चांगल्या पीसमध्येही जाईना. टूलवाल्यांची दुकाने बंद. गटाच्या व्हॉट्सॲपवर विचारले. डेंटिस्टने नमस्काराचे हात पाठवले. विमावाल्याने मशीनच्या विम्याची माहिती पाठवली.

गेज होती कोपऱ्यावरच्या गाळ्यात. तिथला माणूस तेच काम करतो, तसाच पार्ट बनवतो, कोटेशनलाही आम्ही समोरासमोर येतो. मीटिंगच्या नियमाप्रमाणे दाराबाहेरचा. फोन केला तर इंद्रायणीनगरातून घरच्या चपला घालून स्कूटरवर आला, शटर हातभर वर केले, वाकून आत गेला आणि बनियन वेस्टमध्ये, म्हणजे मशीन पुसायच्या चिंध्यांत, गुंडाळलेली गेज घेऊन बाहेर आला. पार्ट कुणाचा, कंपनी कुठली, रेट काय मिळतो, काही विचारले नाही.

‘पुसून दे,’ एवढेच म्हणाला आणि जेवायला घरी गेला.

यावरून पुढील सूचना. गेज, टॅप, इन्सर्ट किंवा कोलेट मागायचा तर तो आपल्याच धंद्यातल्या माणसाकडे मागावा. मॉड्युलर किचनवाल्याकडे तो नसतो. परत करताना पेढे नेऊ नयेत, वस्तू हिशेबाला लागते. पेढ्यांसाठी खंडेनवमी आहे: त्याच्या मशिनीला झेंडूचा हार घातलेला असताना जावे, प्रसाद घ्यावा, आणि फिक्स्चरकडे बघू नये. नजर गेलीच तर त्यावरचा पार्ट विसरावा. त्या पार्टची चौकशी महिन्याभराने आपल्याकडे आली तर रेट असा टाकावा की काम त्याच्याकडेच राहील, आणि हे त्याला कधीही सांगू नये. (हे कलम पाळणे जड जाते. ईएमआयच्या आठवड्यात फारच.)

कार्ड देण्याविषयी मी अजून काही लिहिलेले नाही, कारण त्याचे कार्ड माझ्याकडे नाही. माझ्या फोनमध्ये तो ‘कोपरा गाळा’ या नावाने आहे.

गेल्या पावसाळ्यात तो रात्री नऊला आला. ईआर 32 चा दहाचा कोलेट आहे का, विचारत होता. होता एकच, आणि तो मशीनवर, जॉब चालू. सायकल संपेपर्यंत दोघे काही न बोलता दारात उभे राहिलो. मग मशीन थांबवले, कोलेट काढला आणि वेस्टमध्ये गुंडाळून त्याच्या हातात दिला.

‘पुसून दे,’ म्हटले.