ताळेबंदात न बसणारी भजी

आठवड्यात १६८ तास असतात. चौथीतल्या पोरालाही हा गुणाकार जमतो. मोठ्या कंपन्या चालवणाऱ्यांना मात्र तो अजून मान्य झालेला दिसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी बोली ९० वर नेली, रविवारी लोकांना कामावर आणता येत नाही याची खंत बोलून दाखवली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा प्रश्नही विचारला. त्यानंतर कुणी हात वर केलेला नाही. लिलाव सध्या ९० वर थांबलेला आहे.

कोथरूडमध्ये राहणारा आणि हिंजवडीत राबणारा एखादा टीम लीड ही ९० तासांची बोली मनावर घेतो असं समजू. रविवार सोडला तर सहा दिवस रोज १५ तास काम. जायला दीड तास आणि यायला दीड तास, कारण वाकडचा चौक अध्यक्षांच्या भाषणाने मोकळा होत नाही. डॉक्टर सांगतात म्हणून ७ तास झोप. बेरीज २५. म्हणजे सोमवार ते शनिवार या गृहस्थाचा दिवस २५ तासांचा, आणि रोजचा एक तास रविवारकडून उसना. रविवारची झोप वजा केली, सहा तासांची उधारी फेडली की हातात उरतात ११ तास. आठवड्याभराच्या आंघोळी, दाढ्या, जेवणं, मुलीचा गृहपाठ, आईचं ब्लड प्रेशर, सोसायटीची मीटिंग आणि बायकोकडे बघणं, सगळं या अकरांत.

यात जेवणाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. मराठी मध्यमवर्ग काही वर्षांपूर्वी दीक्षित आणि दिवेकर अशा दोन पंथांत विभागला गेला होता आणि लग्नाच्या पंगतीतही माणसं एकमेकांना पंथ विचारूनच वाढत होती. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरका. ती सवलत पुरेपूर वापरली तर आठवड्याला १२ तास ५० मिनिटं होतात. अकरा तासांच्या शिलकीत हा खर्च बसत नाही. आंघोळीला हात लावण्याआधीच एक तास पन्नास मिनिटांची तूट येते. शिवाय दीक्षितांच्या पद्धतीत रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं असतं. ऋजुता दिवेकर यांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं कीबोर्डवर बसून उरकता येतं, त्यामुळे टीम लीड दिवेकर पंथात गेला. तुपावर त्याची श्रद्धा होतीच. त्यात शेंगदाण्यांची जागा कधी वेफर्सनी घेतली, हे त्यालाही कळलं नाही.

मग त्याचा हिशेब बसतो कसा? उत्तर सरकारी कागदांतच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. बायकांची मिनिटं सातने गुणली की आठवड्याचे जवळपास ३४ तास होतात, आणि त्यांचा पगार होत नाही. नव्वदच्या भाषणात हा रकाना नव्हता. ज्या बायकोकडे बघण्यात नवऱ्याचा वेळ वाया जातो, ती त्या वेळी नेमकी काय करत असते, एवढंच विचारायचं राहून गेलं.

कंपनीला मात्र कर्मचाऱ्याच्या तब्येतीची मनापासून काळजी असते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ‘काम आणि जीवनाचा समतोल’ या विषयावर वेबिनार ठेवतात. हजेरी सक्तीची असते. साडेसातला संपायचा तो सव्वाआठला संपतो, आणि वक्त्याने शेवटी दीर्घ श्वास घ्यायला लावला की ज्यांची बस चुकलेली असते ते मनापासून घेतात. त्याच वेबिनारमध्ये ‘स्टेप चॅलेंज’ जाहीर झालं. रोज १०,००० पावलं, महिनाभर, मनगटावरच्या बँडने मोजायची. पहिल्या येणाऱ्याला गिफ्ट व्हाउचर.

हे दहा हजार कुणा डॉक्टरने काढलेले नाहीत. टोकियोत १९६४ चं ऑलिंपिक झालं, चालण्याची हवा तयार झाली, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणताना हा गोल आकडा पुढे केला. शास्त्रज्ञ नंतर आले. हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या २०१९ च्या अभ्यासात, वयाची सत्तरी गाठलेल्या अमेरिकी स्त्रियांमध्ये दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण कमी झालेलं दिसलं आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधल्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीने ७,००० हा आकडा पुरेसा मानला. पण सात हजारात दहा हजारांचा रुबाब नाही. म्हणून रात्री पावणेबाराला कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर एक माणूस सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो, खालच्या मजल्यावरचे आजोबा छताला काठी ठोकतात, आणि बाराच्या ठोक्याला मनगटावर फटाके फुटतात.

हा माणूस एकटा नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये छापलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७. पुरेशी म्हणजे तरी किती? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम जोराची १५० मिनिटं मागते. अडीच तास. हिंजवडी ते कोथरूड या परतीच्या वाटेवर पाऊस पडला की तेवढे जातात.

म्हणून रविवार. आणि रविवार म्हणजे, पुण्यात तरी, सिंहगड.

गुरुवारी ग्रुपवर ‘संडे सिंहगड?’ असा मेसेज पडतो. अठरा अंगठे वर होतात. शनिवारी रात्री कुणाची पोर तापते, कुणाकडे अचानक पाहुणे येतात, एकाचा प्रॉडक्शन सर्व्हर पडतो. पहाटे पाचला वडगाव पुलाखाली चौघं उभे असतात आणि त्यातला एक दुसऱ्याच ग्रुपचा निघतो. तयारी मात्र अन्नपूर्णेच्या चढाईची असते. दोन काठ्या, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी, घाम शोषणारा टी-शर्ट, गुडघ्याला पट्टे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे मावळे घेऊन याच गडाचा कडा चढले, तेव्हा खाली पार्किंग मिळतंय का, हा प्रश्न नव्हता.

गडावर जायचे दोन मुख्य रस्ते. एक घाटाचा, गाडीने थेट वर. दुसरा आतकरवाडीतून पायी. टीम लीडचा बेत पायी चढण्याचाच होता. पण गाडी खालीच लावायची तर परत खालीच उतरावं लागतं, हा मुद्दा दुसऱ्याच ग्रुपच्या माणसाने मांडला आणि तो सर्वानुमते मान्य झाला. घाटात रांग लागली. त्या रांगेत ते दीड तास बसले. चढायला तेवढाच वेळ लागला असता, हे हिशेबाच्या बाहेर ठेवण्यात आलं. घाट मोकळा करायला २०२२ च्या मे महिन्यात खासगी गाड्यांऐवजी पीएमपीच्या ई-बस वर सोडून पाहिल्या होत्या; काही आठवड्यांतच त्या बंद झाल्या आणि गाड्यांची रांग पुन्हा हक्काने वर चढू लागली. पावसाळ्यात तर रांगेला गाडीचीही गरज उरत नाही. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी लोहगडावर माणसांचीच इतकी दाटी झाली की लोक काही तास जागच्या जागी अडकून पडले. त्या दिवशी ज्यांच्या मनगटावर बँड होते, त्यांची पावलं भरली नसणार. नाडीचे ठोके भरपूर भरले असतील.

आतकरवाडीच्या वाटेवर मात्र वेगळीच माणसं असतात. दर आठवड्याला चढणारे, घड्याळ लावून चढणारे, आणि पंचाहत्तरीचे निवृत्त बँक मॅनेजर, जे धापा टाकणाऱ्या तिशीतल्या पोराला ओलांडताना ‘चालू द्या, चालू द्या’ असं म्हणून त्याचा उरलासुरला दम काढून घेतात. ‘अजून किती राहिलं?’ या प्रश्नाला उतरणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर एकच, ‘हे काय, आलंच’. हे पायथ्याजवळही म्हणतात आणि पुणे दरवाजाच्या खालीही. ताक, लिंबू सरबत, मीठ-मसाला लावलेली कैरी घेऊन वाटेत बसलेल्या गावच्या बायका पहाटेच डोक्यावर ओझं घेऊन चढून आलेल्या असतात. त्यांच्याकडे बँड नसतो. शास्त्राच्या दृष्टीने त्या अजून पायथ्याशीच आहेत.

वर पोचल्यावर आधी फोटो, मग पिठलं. झुणका, पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, मडक्यातलं दही आणि कांदाभजी. यातली भाकरी आणि दही दिवेकरांना चालेल, ठेचा दीक्षितांना चालेल, भजी कुणालाच चालणार नाहीत आणि म्हणून ती सर्वात आधी संपतात. दुसरी प्लेट मागवताना टीम लीडने शास्त्राचा आधार घेतला. आधार खरा आहे. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात, ब्रिटनमधल्या सुमारे ९०,००० लोकांच्या मनगटांवर यंत्रं बांधून हालचाल मोजली होती. आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांनाही हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका कमी होता, जवळपास रोज करणाऱ्यांइतकाच. फक्त त्या लोकांनी व्यायाम खरोखर केला होता. घाटात बसून मिळवलेल्या उंचीबद्दल अभ्यासात काही म्हटलेलं नाही.

गडावर लोकमान्य टिळकांचा बंगला आहे. टिळक इथे विश्रांतीला येत आणि १९१५ मध्ये गांधीजींची आणि त्यांची भेट याच गडावर झाली. तब्येतीला वेळ देण्याच्या बाबतीत टिळक पक्के होते. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवलं. आजच्या एचआरला ते वर्ष बायोडाटामध्ये खटकलं असतं. ‘गॅप कशामुळे?’ या प्रश्नाला ‘तालीम आणि पोहणं’ हे उत्तर देणाऱ्या उमेदवाराला पुढच्या फेरीला बोलावत नाहीत.

बंगल्यासमोर उभं असतानाच टीम लीडचा फोन वाजला. अमेरिकेत अजून शनिवारची रात्र होती आणि क्लायंटला झोप येत नव्हती. रेंज फक्त टॉवरच्या बाजूला एका दगडावर येत होती, म्हणून पुढचा पाऊण तास त्याने त्या दगडावर काढला. अशा वेळी फोन न उचलण्याचा हक्क असावा, यासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पुण्यातून सिंहगडाला जाताना लागणारं खडकवासला त्यांच्याच बारामती मतदारसंघात येतं, त्यामुळे सिंहगडाला निघालेल्या मोटारींतले फोन त्यांच्याच हद्दीत वाजत जातात. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. उलट राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने-आस्थापनांसाठी दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तासांवर आणि कारखान्यांसाठी ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. तेव्हा क्लायंटचा फोन उचलणं हेच कायद्याच्या प्रवाहाला धरून होतं.

फोन ठेवला आणि टीम लीडचं लक्ष मनगटाकडे गेलं. मनगट रिकामं होतं. बँड घरी, चार्जिंगला. गडावरची सगळी पावलं फुकट! चौघं अर्धं मिनिट गप्प उभे राहिले. मग दुसऱ्याच ग्रुपच्या माणसाने आणखी एक भजीची प्लेट मागवली.

घरी पोचायला दुपारचे तीन वाजले. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला थांबावंच लागतं आणि नंतर धायरीपर्यंतची रांग कुणालाच चुकत नाही. दारात शिरताच त्याने आधी बँड शोधला. तो बायकोच्या हातात होता. धाकटी तो तोंडात घालत होती म्हणून सकाळी तिने तो काढून घेतला आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून स्वतःच्या मनगटावर चढवला. त्यानंतर पहाटेच्या डब्याची भांडी, मंडई, मोठीचा चित्रकलेचा क्लास, सासूबाईंचं औषध, दोन वेळा गच्ची, पुन्हा स्वयंपाकघर. आकडा अकरा हजारांच्या वर गेला होता.

त्याने तो अपलोड केला. पुढच्या रविवारी बँड आठवणीने घरी विसरला. महिन्याच्या अखेरीला तो चॅलेंजमध्ये पहिला आला, आणि ‘नोकरी सांभाळून तब्येत कशी राखावी’ या विषयावर सगळ्या ऑफिसला मार्गदर्शन करण्यासाठी एचआरने त्यालाच बोलावलं. ऑनलाइन, रविवारी सकाळी साडेसहाला, कॅमेरा चालू ठेवून.

“अगं, या रविवारी जरा लवकर उठावं लागेल,” त्याने जेवता जेवता सांगितलं.

“कुणाला?” बायकोने विचारलं.