टायर गप्प बसवण्याची रीत

धावत्या टायरचा आवाज मुख्यतः दोन ठिकाणी जन्मतो. नक्षीतले रबरी ठोकळे रस्त्यावर आपटतात आणि खाचांत कोंडलेली हवा फुसकन बाहेर पडते. टायर आणि रस्ता यांच्यामधली निमुळती फट मग कर्ण्याचे काम करते. ताशी ५० किलोमीटरच्या आसपास मोटारीचा हा आवाज इंजिनावर मात करतो. वेग दुप्पट झाला की ९ ते १२ डेसिबलने चढतो.

भारतात टायरच्या आवाजासाठी एआयएस-१४२ हे मानक आहे. मोटारीच्या टायरची चाचणी घेताना इंजिन बंद करून गाडी ताशी ८०च्या वेगाने नुसती सोडून द्यायची; मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर, १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन. उतारावर इंजिन बंद करण्याची रीत अनेक चालकांना पाठ आहे. ते तिला पेट्रोल वाचवणे म्हणतात. बाकी अटी अवघड. रस्ता कोरडा हवा, वारा सेकंदाला ५ मीटरच्या आत हवा. आषाढात कोकणातल्या आगरदांड्याला हे दोन्ही जुळणे हा पंचांगातही न सापडणारा योग. शिवाय रस्ता खास प्रकारचा लागतो, म्हणजे तो प्रयोगशाळेनेच बांधावा.

आवाज कमी करायचा तर सच्छिद्र डांबर हा नामी उपाय. जांभ्यासारखे भोकाभोकांचे हे डांबर पाणी गिळते आणि ३ ते ५ डेसिबल आवाजही. पण भोकांत माती बसली की गुण जातो, आणि लाल मातीची कोकणात टंचाई नाही. आडव्या रेघा मारलेले काँक्रीट तर स्वतःच गुणगुणते. उरतात खड्डे. वेग तिशीच्या खाली आला की टायर नमतो. मग खडखडतात पाटे आणि पाठीचे मणके, पण त्यांचे मानक वेगळे.

पूर्ण यश मात्र आगरदांडा–दिघी फेरीबोटीवरच मिळते. गाडी राजपुरीची खाडी ओलांडते आणि चाक एकदाही फिरत नाही. रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात येथे पूल आहे. तो झाला की टायर पुन्हा बोलू लागतील, पुलाचे सांधेही.

तोवर बोटीवर चढल्यावर इंजिन बंद करावे, आणि पुढची गाडी हलेना म्हणून हॉर्न वाजवू नये. ती दिघीपर्यंत हलणार नाही.