गर्दी नसलेलं व्हेनिस

शांघायच्या उंच इमारती बघून मान दुखायला लागली, की माणसाला कालव्यावरचं एखादं जुनं गाव बघायची हुक्की येते. हुक्की रास्त आहे. यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या सपाट, पाणथळ मुलखात अशी गावं पुष्कळ आहेत. झोउझुआंग, तोंगली, शीतांग, वूझेन, नानशून आणि खुद्द शांघायच्या हद्दीतलं झूजियाजियाओ ही त्यांतली नावाजलेली. प्रत्येक ठिकाणी कालवे, त्यांवर दगडी कमानींचे पूल, पांढऱ्या भिंती, काळी कौलं आणि लाल कंदील. आणि कोणी ना कोणी प्रत्येकाला बहाल केलेलं ‘पूर्वेचं व्हेनिस’ हे बिरूद. एवढी व्हेनिसं एका दिवसात उरकणं शक्य नाही, म्हणून त्यांतलं एक निवडावं लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं. कारण निवडणाऱ्याच्या अटी आधीच ठरलेल्या असतात. गाव अस्सल हवं, तिथे पर्यटक नकोत (आपण स्वतः या मोजदादीत कधीच नसतो), आणि रात्रीच्या जेवणाला हॉटेलवर परत यायला हवं. या तीन अटींत बसणारं गाव शोधण्यात भले भले लोक रात्री जागवतात. माझं म्हणणं असं, की हा शोधच सोडून द्यावा. एका दिवसासाठी जायचं तर मेट्रोत बसून सरळ झूजियाजियाओ गाठावं आणि तिथल्या गर्दीला नावं ठेवू नयेत. ती गर्दी पाहुण्यांनी आणलेली पीडा आहे असा आपला समज असतो. पण ही गावं वसलीच गर्दीसाठी.

याचा पुरावा गावाच्या दगडाविटांत आहे. सातव्या शतकात सुई घराण्याच्या सम्राटानं जुने-नवे कालवे जोडून मोठा कालवा सलग केला आणि पुढची अनेक शतकं या मुलखातला तांदूळ त्या वाटेनं उत्तरेकडे जात राहिला. मुख्य कालव्याभोवती लहान जलमार्गांचं जाळं होतं. दोन-तीन जलमार्ग मिळाले की तिथे बाजार भरे, आणि बाजार कायमचा बसला की त्याचं गाव होई. म्हणजे ही गावं कोणा कवीनं ध्यान लावायला वसवलेली नव्हेत. तांदूळ, रेशीम आणि सुती कापड यांच्या घासाघिशीतून ती उभी राहिली. घरांची रचनाच बघा. पुढचा दरवाजा गल्लीवर, तिथे दुकान. मागचा दरवाजा पाण्यावर, तिथे माल उतरवायच्या पायऱ्या. काठाच्या भिंतीतून जागोजाग दगड पुढे आलेले दिसतात, त्यांना होडीचा दोर ओवायला भोक कोरलेलं असतं. झोउझुआंगमधल्या झांग कुटुंबाच्या वाड्यातून तर चक्क ओढा वाहतो आणि आत होडी वळवता यावी म्हणून चौकोनी डोह केलेला आहे. दिवाणखान्यापासून चार पावलांवर वाहनतळ! याच गावातला शेन वाडा १७४२ साली बांधला गेला, खोल्या शंभराच्या घरात. त्या घराण्याचा मूळपुरुष शेन वानसान हा चौदाव्या शतकातला गडगंज व्यापारी. नानजिंगच्या तटबंदीचा तिसरा हिस्सा त्यानं स्वतःच्या पैशानं बांधून दिला आणि एवढी ऐपत बघून बादशहाच बिथरला, असं सांगतात. ही कथा कितपत खरी यावर इतिहासकार खुशाल भांडोत. पण ज्या गावाचा लोकनायक व्यापारी असतो आणि ज्याच्या दंतकथेत तलवारीऐवजी खर्चाचा हिशोब असतो, त्या गावाकडून एकांताची अपेक्षा करणं म्हणजे लासलगावच्या बाजार समितीत जाऊन कांद्याच्या वासाबद्दल कुरकुर करणं.

व्हेनिसचीच साक्ष काढायची तर मार्को पोलोची काढावी, तो तिथलाच. हांगझोऊबद्दल त्यानं लिहिलं, की शहरात दहा मोठे बाजारचौक आहेत आणि आठवड्यातून तीन दिवस प्रत्येक चौकात चाळीस-पन्नास हजार माणूस जमतो. पोलोचे आकडे जरा झटकूनच घ्यावे लागतात, आणि हांगझोऊ हे राजधानी राहिलेलं शहर, त्याच्यापुढे आपलं गाव म्हणजे चिमूटभर. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खरा व्हेनिसवाला या मुलखात आला, तेव्हा इथली शांतता बघून त्याचा जीव हरखला नाही. हरखला तो गर्दी बघून.

मग या गावांशी शांततेचं नातं जोडलं कोणी? त्यात अर्धा हात आगगाडीचा आणि अर्धा एका चित्रकाराचा. शांघाय बंदर फोफावलं तसा व्यापार तिकडे ओढला गेला. तिथल्या नदीकाठच्या बंड रस्त्यावर हिरव्या टोकदार छपराचं एक प्रसिद्ध हॉटेल दिसतं, ते १९२९ साली व्हिक्टर ससूननं उभारलं. ज्यांच्या देणगीतून पुण्यात ससून रुग्णालय झालं, त्या डेव्हिड ससून यांचा हा वंशज. मुंबईतून कापूस आणि अफू चीनकडे धाडून या घराण्यानं पैसा केला, तेव्हा शांघायची ती भरभराट आपल्याला अगदीच परकी नाही. त्यातच १९०८ साली नानजिंगकडे जाणारा आणि १९०९ साली हांगझोऊकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला. माल गाडीत चढला आणि कालव्यावरची गावं ओस पडत गेली. झोउझुआंगला तर १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत धड मोटाररस्ता नव्हता. येणाऱ्यानं होडीनंच यावं. पैसा नाही म्हणून जुनं पाडून नवं बांधलं नाही, आणि नवं बांधलं नाही म्हणून गाव जुनं राहिलं. आपण जिला ‘कालातीत शांतता’ म्हणतो, ती अर्थशास्त्राच्या भाषेत मंदी होती. १९८४ साली चेन यीफेई या चित्रकारानं झोउझुआंगचा जोडपूल रंगवला. काटकोनात भेटणारे दोन छोटे पूल, एक कमानीचा, एक सपाट. चित्राचं नाव ‘जन्मगावच्या आठवणी’. चित्रकाराचं जन्मगाव मात्र निंगबोकडचं, आणि तोवर तो अमेरिकेत राहायला गेलेला. ते चित्र अमेरिकन तेलसम्राट आर्मंड हॅमर यांनी विकत घेऊन त्याच वर्षी देंग शियाओफिंग यांना भेट दिलं. एवढ्या वरच्या वर्तुळातून फिरून आल्यावर गाव प्रसिद्ध व्हायचं राहतं थोडंच! त्याच दशकात तोंग्जी विद्यापीठाचे प्राध्यापक रुआन यीसान जुनी गावं पाडू नका म्हणून जिवाचं रान करत होते, आणि ती आज उभी आहेत याचं मोठं श्रेय त्यांचं आहे. म्हणजे हिशोब असा होतो, की काही शतकं गर्दी, मग काही दशकं मंदी, मग पुन्हा गर्दी. आपण मात्र त्या मधल्या पडत्या काळालाच गावाचा खरा चेहरा धरून बसलो आहोत, आणि तो दिसत नाही म्हणून तिकिटाचे शंभरेक युआन वाया गेले असं मानतो.

यावर चोखंदळ वाचक म्हणेल, की तेव्हाची गर्दी पोटासाठी होती, आताची फोटोसाठी. या दोन गर्द्या एकाच तराजूत कशा तोलता? प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याचं उत्तर झूजियाजियाओच्या फांगशंग पुलाखालीच पोहत असतं. हा पाच कमानींचा, सुमारे सत्तर मीटर लांबीचा पूल एका बौद्ध भिक्षूनं वर्गणी जमवून १५७१ साली बांधवला. १८१२ साली तो नव्यानं बांधला गेला. पुलाखाली मासे पकडायचे नाहीत, फक्त सोडायचे, असा त्याचा दंडक. जीव सोडला की पुण्य लागतं. आजही पुलाच्या आसपास पिशवीत पाणी आणि पाण्यात छोटे मासे घालून विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पैसे द्यायचे, पिशवी घ्यायची, मासा कालव्यात सोडायचा, पुण्य खात्यात जमा. तो मासा मुळात पकडला कोणी, हा प्रश्न पुण्यवंतानं विचारू नये असा संकेत आहे. आता सांगा, ही गर्दी पोटाची की हौशीची? विकणारीची पोटाची, घेणाऱ्याची हौशीची, आणि पुलावर उभं राहून दोघांचा फोटो काढणाऱ्याची निव्वळ रिकामटेकडेपणाची. बाजारात या तिन्ही जाती पहिल्यापासून असतात. भिक्षूच्या काळी फोन नव्हते, एवढाच फरक. कठड्याला रेलून बघणारे तेव्हाही असणारच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळ्या गावांत तीच दुकानं, तेच पंखे, त्याच रेशमी ओढण्या, आणि परातीत रचलेले तेच तपकिरी, चकाकणारे डुकराचे पाय. हे खरं आहे आणि त्याचा कंटाळाही येतो. बचाव एवढाच, की एकाच मुलखातल्या बाजारगावांत पूर्वीही तोच तांदूळ आणि तेच कापड विकलं जायचं. ‘आमच्याकडेच मिळतं’ ही पाटी अलीकडची. त्यातल्या त्यात झोउझुआंगच्या डुकराच्या पायाला शेन वानसानचं नाव आहे आणि खाण्याची खास तऱ्हाही. तास न् तास शिजवून मऊ झालेल्या मांसातून बारीक हाड अलगद ओढून काढायचं आणि त्या हाडाचीच सुरी करून मांस कापायचं. बादशहासमोर सुरी काढणं जिवावर बेतलं असतं, म्हणून वानसाननं ही युक्ती काढली अशी कथा. शाकाहारी मराठी मंडळींनी कथेवर समाधान मानावं. त्यांच्यासाठी पानात बांधून उकडलेला चिकट भात असतो, त्याला झोंगझी म्हणतात. त्यातही बऱ्याचदा डुक्करच दडलेलं असतं, पण लाल चवळीसारख्या बियांच्या गोड पुरणाचा झोंगझी विचारून घेता येतो. विचारायचं काम फोनवरच्या भाषांतरावर सोपवावं, आणि पहिला घास तरीही सावधपणे घ्यावा.

काही जण म्हणतील, एवढं असेल तर नीट व्यवस्था असलेलं वूझेन का नको? तिथला शीझा भाग खरोखर देखणा आहे. विजेच्या तारा जमिनीखाली, कालवा स्वच्छ, कंदील रांगेत. मात्र ही शांतता साधायला तिथल्या बहुतेक रहिवाशांना बाहेर हलवून घरांची अतिथिगृहं करावी लागली, आणि मग गाव एखाद्या कंपनीच्या शिस्तीनं चालू लागलं. गाव म्हणून ते मला पटत नाही. हॉटेल म्हणून उत्तम आहे. शीतांगला छपराखालून चालायच्या लांबच लांब ओसऱ्या आहेत आणि तिथल्या कौलांवरून टॉम क्रूझ धावलेला आहे, त्यामुळे तिथेही एकांत मिळेल या भ्रमात राहू नये. तोंगलीची बाग जागतिक वारसा यादीत आहे. बागेचा षौक असेल त्यानं तिकडे वळावं, या वादात ती येत नाही.

उरला प्रत्यक्ष बेत. भारतीय पारपत्र असलेल्याला चीनचा व्हिसा आधीच काढावा लागतो. पन्नासहून जास्त देशांच्या लोकांना दहा दिवसांपर्यंत व्हिसाविना थांबता येतं, त्या यादीत आपण नाही. पुढचं सोपं आहे. २ क्रमांकाच्या मेट्रोनं होंगचिआओ रेल्वे स्थानक, तिथून २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या १७ क्रमांकाच्या मार्गानं झूजियाजियाओ. शहराच्या मध्यापासून भाडं दहा युआनच्या आत, स्थानकापासून जुनं गाव पायी जाण्याजोगं, आणि गावात शिरायला तिकीट नाही. गूगलचा नकाशा तिथे कामाचा नाही, स्थानिक ॲप फोनमध्ये आधीच घालून घ्यावं. मासेवालीपासून नावाड्यापर्यंत सगळ्यांकडे क्यूआर कोड असतो. तो बघून मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं आणि हात आपोआप यूपीआयकडे जातो, पण यूपीआय तिथे कोणी ओळखत नाही. त्यासाठी अलीपे घेऊन त्याला परदेशी चालणारं कार्ड जोडावं लागतं, तेही निघण्यापूर्वी. पुलावर उभं राहून ओटीपीची वाट बघणं हे दृश्य रम्य नसतं. आणि हो, १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात किंवा मे महिन्याच्या पहिल्या दिवसांत जाऊ नये. गर्दीचं एवढं वकीलपत्र घेऊन हे सांगणं विसंगत वाटेल, पण बाजारात भाव करायला कोपरं हलवण्यापुरती तरी जागा लागते, आणि त्या दिवसांत ती मिळत नाही. साधा मंगळवार पुरे.

शेवटचा आक्षेप रात्री राहणाऱ्यांचा. मुक्काम करा, पहाटे उठा, तेव्हा गाव तुमचं एकट्याचं असतं, असं ते छातीठोकपणे सांगतात. पहाटे पर्यटक नसतात हे कबूल. पण या भागातल्या जुन्या गावांत म्हाताऱ्यांनी उजाडायच्या आत चहाच्या दुकानात जमायची रीत आहे. ते किटली मांडून बसतात, भाजीच्या भावापासून सुनेपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतात, आणि बहुतेकांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो टिपेच्या आवाजात घेतात. खोलीचं भाडं भरून शांततेसाठी चार वाजता उठलेल्या पाहुण्यानं चहाच्या आशेनं तिथे जाऊन बघावं. बाकावर जागा असेलच असं नाही.