गेटवर फोन जमा

(रंगमंचावर एक खुर्ची, एक लोखंडी कपाट. नट कोटाची बटणं लावत येतो. एक बटण कमी आहे, ते तो शेवटपर्यंत शोधत राहतो.)

मंडळी, हे हेडसर. वैनगंगेच्या एका काठाला चंद्रपूर, दुसऱ्या काठाला गडचिरोली. या पट्ट्यात कुठंतरी यांचं हायस्कूल. शाळेचं नाव विचारू नका, या नाटकाबाहेर ती शाळा नाही. हेडसर मात्र तुम्ही पाहिलेले आहेत.

सोमवारी प्रार्थना संपली. हेडसर टाचा उंचावून म्हणाले, "उद्यापासून शाळेत मोबाइल बंद!"

पोट्टे गप्प. इतके गप्प, की हेडसरांनाच धास्ती वाटली. अहो, या मुलखातल्या पोरांना बंदी काय शिकवता? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागली, २०२१ मध्ये उठली, आणि उठवताना चोरटी विक्री बोकाळल्याचं कारण सरकारनंच दिलं. तेव्हा मागच्या रांगेतून जो प्रश्न आला तो खोडीचा नव्हता, निव्वळ माहितीसाठी होता.

"सर, बंदी म्हंजे खरीखुरी, का आपल्या जिल्ह्यातली?"

(नट कपाट उघडतो. जाडजूड फाइल काढून धूळ फुंकतो. खोकतो.)

हेडसर फाइलचे भक्त. पहिला कागद २००९ चा. शिक्षण विभागानं शाळेतल्या मोबाइलवर बंदी घातली तो. हेडसरांनी त्याला हळदकुंकू तेवढं वाहायचं ठेवलं होतं.

दुसरा कागद नोव्हेंबर २०१६ चा. विभाग तोच, शिक्का तसाच. पोरांची गैरहजेरी रोखायची, म्हणून गुरुजींनी दर सोमवारी दहा-दहा विद्यार्थी सोबत घेऊन सेल्फी काढायचा आणि 'सरल' पोर्टलवर चढवायचा! हेडसरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. मग वरखाली ठेवून पाहिले. शिक्षकांनी आरडाओरडा केला, सेल्फी मागे पडला, हेडसरांची मान वाचली. एरवी दहा पोट्टे आणि एक हेडसर एका चौकटीत बसवताना कडेची दोन पोरं कायमची गैरहजर लागली असती.

मग आलं २०२०. शाळेला कुलूप, आणि शाळा म्हणजेच फोन! ज्यानं काल पोराच्या खिशातून फोन हिसकावला, तोच मास्तर आज बापाला विनवतोय, "फोन घेऊन द्या हो पोराला." बापानं धान विकून फोन आणला. गावात टॉवर नाही, तर पोरगा टेकडीवर चढला. आता बापाला सांगायचं, फोन वाईट. तो विचारणारच ना, "मंग माहे पैसे?"

(नट खुर्ची उलटी फिरवतो. पालकसभा.)

पालकसभेत हेडसरांनी दाखले काढले. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीचा पहिला. पुसद तालुक्यातल्या या गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरवलं, अठराच्या आतल्यांना मोबाइल नाही, वापरला तर २०० रुपये दंड. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या एकाच हाताचा आवाज आला. दुसऱ्या हातात फोन होता.

दुसरा दाखला सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावचा. तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद. एक बाई उठल्या. "सर, तो भोंगा मोठ्यायलेबी आयकू येते ना?" या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत.

मग एक बाप उभा राहिला. बोलायला बिचकत होता. "माही पोरगी सायकलीनं जंगलातून येते. वाघ रस्त्यावर बसला असन, तं घरी कसं सांगन?"

पुण्या-मुंबईच्या शाळेत हा विनोद झाला असता. इथं कोणी हसलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ हे उशिरा येण्याचं वाजवी कारण आहे, आणि काही घरांत न येण्याचंही.

हेडसरही विरघळले. दिल्ली उच्च न्यायालयासमोर २०२५ च्या सुरुवातीला हाच गुंता आला होता. सरसकट बंदी नको, ती चालणारही नाही. सुरक्षिततेसाठी पोराजवळ फोन असू द्या, पण वर्गात वापर नको. आणि जमेल तिथं शाळेनं तो जमा करून घ्यावा, असं न्यायालय म्हणालं. हेडसरांनी ठरवलं, गेटवर फोन जमा!

"ताडोब्यासारखं!" कोणीतरी ओरडलं.

बरोबर. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात डिसेंबर २०१८ पासून सफारीला मोबाइल बंद. कारण साधं होतं. एकाला वाघ दिसला, की त्याचा फोन दुसऱ्याला, आणि पाच मिनिटांत वाघाभोवती जिप्सींचा बाजार. वाघाला तरी निवांत बसता यावं म्हणून फोन काढून घेतले. गणिताच्या मास्तरांना हा मुद्दा फार भावला. त्यांनाही कोणी निवांत बसू देत नव्हतं.

पण सभेत एक जिप्सीवाला होता. "सर, तिथं पर्यटकाचाच नाही, गाइड-ड्रायव्हरचाबी फोन बंद असते. मास्तरायचं काय?"

(नट खिसा झाकतो. दुसऱ्या हातानं दुसराही खिसा झाकतो.)

मास्तर लोक कळवळले. पोषण आहाराची रोजची माहिती? फोनवर. वरून आलेली लिंक? फोनवर, आणि "आजच भरा" हा निरोपही फोनवर. पण सभा हटेना. ठरलं: पोट्ट्यांचे, मास्तरांचे, कारकुनाचे, सगळे फोन कपाटात. किल्ली कारकुनाकडे.

तीन दिवस शाळा इतकी सुरळीत चालली, की मधल्या सुट्टीत पोरं चक्क आट्यापाट्या खेळली. एक मास्तर पेपर वाचताना दिसले, शब्दकोडं नव्हे, अग्रलेख!

चौथ्या दिवशी अकरावीची एक पोरगी धावत आली. शिष्यवृत्तीचा अर्ज, शेवटची तारीख, गावच्या केंद्रावर बाप बसलाय, ओटीपी हिच्या फोनवर, फोन कपाटात.

"कारकून?"

"ते बँकेत गेले सर."

(कपाटातून फोन टुणकन वाजतो.)

"आला सर ओटीपी! दहा मिनटंच चालते तो!"

हेडसर कपाटाला कान लावतात. कपाट हलवतात. मग त्यांना सुचतं. ते ऐटीत कोटाच्या आतल्या खिशात हात घालतात, फोन काढतात, कारकुनाला लावतात.

(कपाटातून मोठ्यानं भजनाची रिंगटोन.)

पोरगी कपाटाकडे पाहते. मग हेडसरांच्या हाताकडे.

"सर, हा कोनाचा व्हय?"

(अंधार. रिंगटोन चालूच.)