प्रॉम्प्टरच्या भरवशावर

नाट्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच महिन्यात शब्दांची एक पुरचुंडी मिळते: विंग, एन्ट्री, पॉज, ब्लॉकिंग, आवाजाची फेक. व्याख्या पाठ केल्या की गुण मिळतात. माझं ऐकाल तर हे वर्ग सरळ वडशाला भरवावेत. सरकारी कागदावर देसाईगंज, पण रेल्वेच्या आणि नाटकवाल्यांच्या लेखी वडसाच. दिवाळी सरली, धान निघालं की इथल्या नाटक कंपन्यांच्या गाड्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या भागात, गावोगावी रात्रीच्या धावू लागतात. दिवसा बैलांचा शंकरपट किंवा मंडईची जत्रा, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. त्या गर्दीत एखादी सोयरीकही जुळून जाते.

पुस्तकात ब्लॉकिंग म्हणजे नटाने कुठून कुठे जायचं याची दिग्दर्शकाने केलेली आखणी. झाडीपट्टीत ती माईक करतो. वरून लोंबणाऱ्या माईकखाली आल्याशिवाय बोलून उपयोग नाही. त्यामुळे भांडण कितीही पेटलं तरी नायक आणि खलनायक आपापली जागा धरूनच एकमेकांच्या जिवावर उठतात. मरणारा बापसुद्धा हद्द न ओलांडता कोसळतो.

पण खरा मानकरी प्रॉम्प्टर. शहरात त्याची मदत लागली तर नट ओशाळतो. इथे आज एक नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरंच. पाठांतराला वेळ कुणाला? विंगेतून वाक्य यायचं, नटाने ते वरच्या वर झेलायचं आणि हजारभर माणसांना रडवायचं. पुढे बसलात तर बरीच वाक्यं दोनदा कानावर पडतात, आधी कोरडी, मग आसवांत भिजलेली. अभिनय म्हणजे नेमकं काय, हे त्या दोहोंतल्या फरकाइतकं स्वच्छ मला कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही.

आणि पॉज! नायक आभाळाकडे डोळे लावून थांबतो. ब्लँकेटात गुरफटलेली आजी पदर डोळ्यांना लावते, ‘कसा रडून रायला पाय बापा!’ विंगेत प्रॉम्प्टर चिकटलेली दोन पानं सोडवत असतो.

शिष्टांना यात भडकपणा दिसतो. मध्येच लावणी घुसते, वन्स मोअर मिळतो, मेलेला माणूस प्रसंगी उठून पुन्हा गातो, हे खरंच आहे. पण तिकीट काढून कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत जागणारा प्रेक्षक किती रंगभूमींच्या वाट्याला आला? याच मातीतले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीलाही इकडे वळून पाहावं लागलं.

तेव्हा नाट्यशास्त्राच्या मुलांनो, परीक्षेआधी एकदा गोंदिया-बल्लारशा गाडीत बसा आणि वडशाला उतरा. कंपन्यांच्या पाट्या शोधाव्या लागत नाहीत. ब्लँकेट मात्र आपलं आपण आणा, आणि जागा धरायची तर विंगेजवळची धरा.