राजवाडा आज बंद आहे

बँकॉकचा राजवाडा आठवड्याचे सातही दिवस बंद असतो. निदान फाटकाच्या अलीकडे उभे असलेले सद्गृहस्थ तरी तसंच सांगतात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, बोलणं मृदू. ‘आज बौद्ध सण आहे, दुपारनंतर उघडेल.’ हे सांगताना त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटत असतं. मग चौकशी सुरू होते. कुठून आलात, इंडिया का, मुंबई का, वा वा. तुमच्या हातातला नकाशा घेऊन ते दोन-तीन ठिकाणांभोवती पेनानं गोल करून देतात. एक उभा बुद्ध, एक ‘लकी बुद्ध’, आणि ओघानंच, नेमका आज शेवटचा दिवस असलेला रत्नांचा सरकारी सेल. शेजारी टुकटुक उभीच असते. तासभर फिरवायचे वीस बाट.

वीस बाट म्हणजे पन्नासेक रुपये. आपल्या माणसाचा विवेक इथं रजेवर जातो.

ठाण्याहून आलेले एक काका डोळ्यांपुढे आणा. काकांनी उभ्या आयुष्यात भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांशी हुज्जत घातलेली आहे. जास्त मागणाऱ्याला कसं परतवायचं हे त्यांना पाठ आहे. पण कमी मागणाऱ्याचं काय करायचं, हे त्यांना घरात, शाळेत, बँकेतल्या नोकरीत, कुठंच कुणी शिकवलेलं नाही. ‘अहो, एवढ्या स्वस्तात कसं परवडतं त्याला?’ असं काकू विचारतात. काका म्हणतात, ‘आपल्याला काय करायचंय?’ आणि चढून बसतात.

हे नाटक गेली कित्येक दशकं त्याच फुटपाथवर चालू आहे. राजवाडा उभा राहिला १७८२ साली, पहिल्या रामाच्या कारकिर्दीत. तो रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकीटखिडकी बंद होते. तिकीट पाचशे बाट. राजघराण्यातल्या एखाद्या समारंभासाठी क्वचित तो खरोखरच बंद ठेवतात, पण ते फाटकावरचा पहारेकरी सांगतो, फुटपाथवरचा सज्जन सांगत नाही. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका अशा पाट्या बाहेर लावलेल्या आहेत. पाटीखालीच उभे राहून लोक अनोळखी माणसाचं ऐकत असतात, कारण पाटी कोरडी असते आणि हा माणूस हसून बोलतो.

यातला उभा बुद्ध मात्र अस्सल आहे. वाट इंथराविहान या देवळातली ३२ मीटर उंच मूर्ती, आवर्जून बघावी अशी. तिथं काकांना दुसरा सज्जन भेटतो. हा निवांत बसलेला, देवदर्शनाला आलेला. सहज गप्पा निघतात, आणि त्यालाही त्या रत्नांच्या सेलबद्दल माहीत असतं! त्यानं स्वतः मागच्या वर्षी नीलम घेतला, परदेशात दुपटीनं विकला, त्यातून मुलीचं शिक्षण झालं. पहिल्या सज्जनाची आणि याची ओळख असण्याचं काही कारणच नाही, असं काकांना वाटतं. दोन साक्षीदार जुळले की कोर्टसुद्धा मान डोलवतं. काका तर सुटीवर आलेले.

पुढचं दुकानात होतं. थंडगार हवा, सरबत, मखमली ट्रे. बरेचदा दगड खरा असतो, खोटी असते ती किंमत. ‘जोखीम नको, आम्हीच तुमच्या पत्त्यावर पाठवतो,’ अशी सोय असते, म्हणजे बँकॉकात दुसऱ्या कुणाला दाखवून खात्री करण्याचा प्रश्नच मिटला. टुकटुकवाल्याला प्रत्येक गिऱ्हाइकामागे पेट्रोलचं कूपन आणि कमिशन मिळतं. त्या वीस बाटचं गणित असं बसतं. घरी परतल्यावर ओळखीचा सोनार भिंगातून दगड पाहतो, आणि काहीच न बोलता चहा मागवतो. सोनारानं चहा मागवला की समजून जावं. काकांचे मामा झालेले असतात. पण सोसायटीत ते हे कशाला सांगतील? तिथं अंगठी मिरवली जाते, ‘इथं घ्यायला गेलात तर चौपट पडेल’ असं ऐकवलं जातं, आणि दिवाळीत बँकॉकला निघालेल्या दुसऱ्या मजल्यावरच्यांना त्या दुकानाचं कार्ड दिलं जातं. एजंट इतका निष्ठावान, आणि बिनपगारी.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो उद्धट आहे. परक्या गावात तुम्ही ज्याला हाक मारली, तो माणूस बहुधा बरा निघतो. ज्यानं तुम्हाला हाक मारली, त्याच्याकडे बघूच नका. वाटेतल्या नूडल्सवालीला, औषधाच्या दुकानातल्या मुलीला, शाळेच्या दप्तराचं ओझं वाहणाऱ्या पोराला तुम्ही रस्ता विचारलात, तर त्यांना तुमच्यात काडीचा रस नसतो. ते खरं सांगतात, किंवा लाजून हसतात आणि निघून जातात. आपण मात्र अगत्यावर पोसलेली माणसं. कुणी आपणहून विचारपूस केली की ‘काय चांगली माणसं हो इथली’ असं म्हणून घरच्या ग्रुपवर फोटो टाकतो.

हॉटेलसाठी वस्ती निवडतानाही आपली गल्लत अशीच होते. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय दार उघडलं आणि तेव्हापासून प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो आहे, कुठला एरिया सेफ? विचारणाऱ्याच्या मनात चाकू-सुरे असतात. बँकॉकात परक्या पाहुण्याला चाकू दाखवून लुटण्यापेक्षा गोड बोलून लुटणं कितीतरी जास्त चालतं. आणि गोड बोलणारे तिथं जमतात, जिथं तुम्ही जमता. ‘सगळं जवळ’ असलेलं हॉटेल आपल्याला हवं असतं. त्या ‘सगळं’मध्ये तेही आले.

‘इंडियन जेवण चालत जाण्याच्या अंतरावर’ या एका ओळीवर भाळून किती मराठी कुटुंबं सुखुमवितच्या नाना स्टेशनजवळ उतरली असतील! नावही कसं घरच्यासारखं. दुपारी सगळं ठीक असतं, पनीर मिळतं, फुलके मिळतात. संध्याकाळी चार नंबरच्या गल्लीतले दिवे लागतात आणि तीन मजली नाना प्लाझा जागा होतो. कुटुंबाला तसा काही धोका नसतो. फक्त नातवाच्या प्रश्नांची उत्तरं आजोबांना द्यावी लागतात. खाओ सान रस्ता तरुण पाठपिशवीवाल्यांचा. तिथं लुटणारे कमी आणि झोपू न देणारे जास्त. प्रतुनाम ठोक कपड्यांची पेठ. आपल्या बऱ्याच ग्रुप टूर तिथंच उतरतात, आणि खरेदी हाच धर्म असेल तर उतरावंही. पण चितलोमचं स्कायट्रेन स्टेशन तिथून चांगलं पंधरा मिनिटांवर आहे, हे पाच पिशव्या हातात आल्यावर कळतं.

मला विचाराल तर आरी. किंवा तिच्या अलीकडचं फया थाय, जिथं विमानतळावरून येणारी रेल्वे संपते आणि स्कायट्रेन मिळते. तिथून आरी तिसरं स्टेशन. कचेऱ्या, कॉफीची दुकानं, दुपारी जेवायला बाहेर पडलेले कारकून, रात्री भाताची गाडी लावणारं जोडपं. पाहण्यासारखं काही नाही, हेच या वस्तीचं पर्यटनमूल्य. इथं तुम्हाला कुणी थांबवत नाही, ‘व्हेअर आर यू फ्रॉम’ म्हणत नाही, सूट शिवून घ्या म्हणत नाही. आपण एवढा खर्च करून आलो आणि कुणी ढुंकून बघत नाही, हा अपमान दोन दिवस टोचतो. तिसऱ्या दिवशी नूडल्सवाली विचारायच्या आधीच तिखट कमी घालते.

वस्ती बरी असली तरी गल्ली बघावी. बँकॉकच्या गल्ल्यांना सॉय म्हणतात आणि काही सॉय एक-दीड किलोमीटर आत जातात. ‘सुखुमवितपासून दोन मिनिटं’ असं हॉटेलवाला लिहितो. कशानं दोन मिनिटं, ते लिहीत नाही. नकाशावर स्टेशनच्या जिन्यापासून हॉटेलच्या दारापर्यंतचं अंतर मोजा, आणि रात्री अकरा वाजता, पाऊस पडत असताना, बॅग ओढत ते चालायचंय असं समजून मोजा. पाच तारेवाले अभिप्राय वाचू नका, त्यात सगळे स्वच्छ चादरींबद्दल लिहितात. दोन तारेवाले वाचा. एकट्या राहिलेल्या बाईनं काय लिहिलंय ते दोनदा वाचा. रिसेप्शनवर रात्री माणूस असतो का, गल्लीत दिवे आहेत का, हे फक्त तीच लिहिते. आणि बुकिंग झाल्यावर ‘कार्ड तपासायचं आहे, नाहीतर खोली रद्द होईल’ असा निरोप लिंकसकट आला, तर तोही फुटपाथवरचा सज्जनच समजा. तुम्ही त्याला बोलावलं नव्हतं. स्वतः ॲप उघडा, नाहीतर हॉटेलला फोन करा.

टॅक्सीचंही तसंच. हॉटेलबाहेर, मॉलबाहेर दार उघडून थांबलेला टॅक्सीवाला मीटरचं नाव काढलं की मान हलवतो आणि ट्रॅफिकची करुण कहाणी सुरू करतो. पुढं चालत जा, धावती टॅक्सी थांबवा. मीटर पस्तीस बाटपासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा मुकाट्यानं चालतो. सुवर्णभूमी विमानतळावर यंत्रातून चिठ्ठी घ्या, तिच्यावरच्या क्रमांकाच्या टॅक्सीत बसा. मीटरवर पन्नास बाट जादा घेतात, टोल वेगळा. हे दोन्ही कायदेशीर आहे, तिथं हुज्जत घालू नका. आपले काका नेमके तिथं घालतात.

आता थोडं देशाभिमानाचं. सुखुमवितवर चालताना ‘सर, यू हॅव अ लकी फेस’ असं म्हणत एक गृहस्थ आडवे येतात. कपाळावर भाग्यरेषा दिसते, पण या वर्षी एक अडथळा आहे. तुमच्या मुठीत कागदाचा बोळा देतात, आवडतं फूल विचारतात, बोळा उघडला की त्यात तेच फूल. मग पाकिटातून नोटा बाहेर येईपर्यंत अडथळा दूर होत नाही. हे गृहस्थ बरेचदा आपलेच देशबांधव असतात. इतक्या लांब येऊन गावच्या जत्रेतल्या कुडमुड्या जोशाकडून टोपी घालून घ्यायची, आणि तीही परकीय चलनात!

पात्पोंगच्या बारगल्ल्यांबद्दल थोडक्यात, कारण वाचणाऱ्यांपैकी जे गेलेत ते बोलणार नाहीत. ‘वरच्या मजल्यावर शो, फक्त बिअरचे शंभर बाट’ असं दाखवलेलं कार्ड एक असतं आणि बाहेर पडताना दाराशी आलेलं बिल दुसरं, काही हजारांचं. दार मात्र एकच, आणि त्यात दोन धिप्पाड माणसं. पैसे भरले जातात. तक्रार होत नाही, कारण घरी ‘डीलर्स कॉन्फरन्स’ असं सांगितलेलं असतं. त्या धंद्याचं खरं भांडवल गिऱ्हाइकाची अब्रू हेच आहे, आणि ते गिऱ्हाईक स्वतःच घेऊन येतं.

थायलंडला नावं ठेवायची मात्र सोय नाही. अलिबागचा ‘समुद्राला लागून’ व्हिला, पोहण्याचा तलाव, चार खोल्या, लाँग वीकेंडला निम्म्या भावात. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी बंगल्याचे. ॲडव्हान्स यूपीआयनं लगेच, ‘दुसरी पार्टी थांबली आहे’. पत्त्यावर पोहोचल्यावर सुपारीची वाडी आणि एक कुत्रा. फरक इतकाच की इथं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर पलीकडचं माणूस मराठीत किंवा हिंदीत ऐकून घेतं. पैसे गेल्या गेल्या केला तर काही वेळा ते वाटेत अडवताही येतात. आपण मात्र आधी त्या ‘मालकाला’च चाळीस फोन करतो.

थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. तो लिहून घ्या आणि स्वतःच्या हातानं लावा, कारण पट्टायाच्या किनाऱ्यावर जेट-स्कीवाला तुमच्यासाठी मदत आपणहून बोलावतो. अर्ध्या तासाची फेरी मारून काका परततात, आणि जेट-स्कीच्या तळाशी ओरखडे निघतात. ते आधीपासूनचेच. पण काकांनी निघण्याआधी व्हिडिओ काढलेला नसतो, आणि ठेव म्हणून पासपोर्ट दिलेला असतो. दुरुस्ती चाळीस हजार बाट. आवाज चढतात, चार माणसं जमतात, आणि गणवेशातला, किंवा गणवेशासारखं काहीतरी घातलेला, एक शांत गृहस्थ मध्यस्थीला येतो. तो दोघांचं ऐकून घेतो, जेट-स्कीवाल्याला रागावतो, काकांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तीस हजारांवर तोड काढतो. काका कार्ड काढून देतात. परतीच्या बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत असतात आणि काका मागच्या सीटवाल्यांना सांगत असतात, ‘दहा हजार सोडायला लावले त्याला. नुसतं गप्प राहून चालत नाही हो, बोलावं लागतं.’