न रडल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. मुख्याध्यापिका बाई आणि शैक्षणिक सहल समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : १) ‘श्यामची आई’ चित्रपट पाहताना पाल्यास रडू न आल्याबाबत. २) स्टीलचा डबा परत मिळण्याबाबत.



सातवी ‘ब’मधल्या माझ्या चिरंजीवांची कृतिपत्रिका काल सहीसाठी घरी आली. पहिलाच प्रश्न : ‘चित्रपटातील कोणता प्रसंग पाहून तुम्हाला रडू आले? का?’ गुण पाच. चिरंजीवांनी उत्तर लिहिलंय, ‘मला रडू आले नाही. माझ्या पुढे उंच मुलगा बसला होता.’ त्यावर लाल शाईत शून्य, शून्याखाली ‘अपेक्षित उत्तर : आईचा मृत्यू’ आणि त्याखाली ‘पालकांनी लक्ष द्यावे’. लक्ष देते आहे. हे पत्र त्यासाठीच.

पहिली गोष्ट म्हणजे यात मुलाचा दोष नाही. हे आमच्याकडे आनुवंशिक आहे. १९८४ साली, मीही सातवीतच होते, आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेनं आम्हाला ‘श्यामची आई’च दाखवायला नेलं होतं. तो मात्र जुना, आचार्य अत्र्यांचा, १९५३चा. दोन-दोनच्या रांगेत एकमेकींचे हात धरून आम्ही थिएटरपर्यंत चालत गेलो. बाई बाल्कनीत, आम्ही खाली बाकांवर. निघण्यापूर्वी बाईंनी ताकीद दिली होती, की रुमाल आणा, कारण या सिनेमाला रडला नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यामुळे सिनेमा सुरू झाल्यापासून मी स्वतःवरच नजर ठेवून होते. आता येईल, मग येईल. रडू काही येईना. उलट पोहायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला आई बडवत बाहेर काढते तेव्हा मला त्या माउलीचा असा राग आला की तो पुढे बराच वेळ उतरला नाही. मलाही विहिरीची भीती वाटायची, हे त्यामागचं शास्त्रीय कारण. सिनेमा सुटल्यावर बाईंनी दारात उभं राहून एकेकीचे डोळे तपासले. माझे कोरडे होते. ‘दगड आहेस,’ असं म्हणाल्या. सात-आठ मैत्रिणींनी मात्र अंधारात रुमाल ओले करून घेतले होते. कशानं, ते सांगत नाही, वॉटरबॅगची बदनामी नको.

आणि परत येताना पोरं रांगेत काय गात होती म्हणता? मातृप्रेम नव्हे. त्याच सिनेमातलं छडीचं गाणं! अत्रे स्वतः पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, लंडनला जाऊन शिक्षणशास्त्र शिकून आले होते, ‘नवयुग वाचनमाला’ त्यांनी काढली. पोरांच्या तोंडी काय बसतं, हे त्यांना सहल समितीपेक्षा चांगलं ठाऊक असणार. चाळीस-पन्नास पोरं भर बाजारातून छडीचं गाणं गात चालली आहेत, हे पाहून पी.टी.च्या सरांनी ते थांबवलं. छडीनंच. त्या दिवशीचा एवढा एक कार्यक्रम अभ्यासक्रमाला धरून झाला.

असो. आपल्या सहलीकडे वळते.

संमतीपत्रकात लिहिलं होतं, की ‘साहित्यकृतीचा प्रत्यक्ष अनुभव’ मिळावा म्हणून हा उपक्रम आहे. तिकीट, बस आणि अल्पोपाहार मिळून ३५० रुपये. अनुभव प्रत्यक्ष घ्यायचा तर पुस्तक उघडायचं, अशी माझी आपली जुनाट समजूत. साने गुरुजी १९५० साली गेले. पुढच्या साठ वर्षांनी पुस्तकाचा स्वामित्वहक्कही सरला, त्यामुळे आता ते कुणीही छापतं आणि प्रदर्शनात ढिगानं मिळतं. सहलीच्या पैशात दोन-तीन प्रती सहज याव्यात. नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते लिहायला घेतलं. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. एक रात्र वाचायला दहा-पंधरा मिनिटं. परिपाठाच्या वेळात रोज एक घेतली तर जूनमध्ये सुरू करून गणपतीच्या आत पुस्तक संपतं. पण यात बस लागत नाही, आणि बस नसली की बसपुढे फलक धरून फोटोही काढता येत नाही, ही अडचण मला समजते.

कृतिपत्रिकेतला तिसरा प्रश्न पुस्तक आणि चित्रपट यांतले तीन फरक विचारतो. पुस्तक वर्गात कुणीच वाचलेलं नाही. ग्रंथालयात दोन प्रती आहेत, त्या काचेच्या कपाटात असतात आणि किल्ली शिपाईमामांकडे असते. तरीही चिरंजीवांनी प्रामाणिक प्रयत्न केला आहे. ‘पुस्तकात मध्यंतर नसते.’ या उत्तराला अर्धा गुण तरी द्यायला हवा होता, असं माझं नम्र मत आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं ‘पुस्तक रंगीत असते’ असं लिहिलं म्हणे. तिचंही बरोबरच आहे. मुलांनी पाहिलेला, २०२३च्या दिवाळीत आलेला नवा चित्रपट मुद्दाम कृष्णधवल केलेला आहे, पण वर्गात सांगण्यात आलं की सिनेमा जुना आहे म्हणून काळा-पांढरा दिसेल. १९५३चा आणि २०२३चा असे दोन वेगळे सिनेमे आहेत, पहिल्यात वनमालाबाई आई होत्या आणि दुसऱ्यात खुद्द साने गुरुजी पडद्यावर येतात, एवढं तरी बसमध्ये माइकवरून सांगता आलं असतं. माइकवर भेंड्या चालू होत्या.

पहिल्या सिनेमाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, ही माहिती मात्र कृतिपत्रिकेत आहे. रिकाम्या जागा भरा, एक गुण. त्यातला श्याम, म्हणजे माधव वझे, मोठेपणी नाट्यसमीक्षक झाले, हे नाही. आईचं सगळं ऐकणारा मुलगा पुढे लोकांच्या चुका काढण्याचं काम करतो, ही गोष्ट माझ्या मुलाला कृतिपत्रिकेतल्या पाच संस्कारांच्या तक्त्यापेक्षा जास्त आवडली.

समितीच्या निवडीबद्दलही एक कुतूहल आहे. या नव्या चित्रपटाचे दिग्दर्शक सुजय डहाके. त्यांचाच ‘शाळा’ जानेवारी २०१२मध्ये लागला होता. मिलिंद बोकील यांची कादंबरी, आणीबाणीचे दिवस आणि नववीतली मुलं. माझी भाची तेव्हा आपल्याच शाळेत नववीत होती. मुलांनी समितीकडे अर्ज केला, ‘आम्हाला न्या.’ उत्तर आलं, परीक्षा जवळ आल्या आहेत. परीक्षा एप्रिलमध्ये होत्या. नववीतल्या मुलाला वर्गातली मुलगी आवडते ही बातमी नववीच्या वर्गात फुटू नये, म्हणून घेतलेली ही दक्षता होती. सगळा वर्ग तो सिनेमा रविवारी आपापल्या पैशानं पाहून आला आणि मग पुस्तकावर तुटून पडला. एकच प्रत मधल्या सुट्टीत हातोहात फिरून पानं सुटी झाली. भाचीच्या मते सिनेमापेक्षा कादंबरी चांगली होती. यावर दोन मैत्रिणी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. कृतिपत्रिका नव्हती, गुण नव्हते, कुणी रडलं का हे कुणी विचारलं नाही. तेव्हा समितीला विनंती अशी, की एखादं पुस्तक मुलांनी खरोखर वाचावं असं वाटलं, तर त्याच्या सिनेमाला परवानगी नाकारावी. हा उपाय आपल्याच शाळेत एकदा लागू पडलेला आहे.

आता विषय दुसरा, डबा.

मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत, हे संमतीपत्रकात नव्हतं. ‘डबा अनिवार्य’ असं मात्र होतं. त्यामुळे पहाटे साडेपाचला उठून पोळी आणि कोबीची भाजी केली. दारात रखवालदारानं दप्तरं उघडली आणि सगळ्या मुलांचे डबे काढून दोन निळ्या क्रेटांत रचले. मग पोरं आत गेली, शंभर रुपयांचं पॉपकॉर्न खात आईच्या हातच्या अन्नाची थोरवी पाहिली, आणि त्यांच्या आयांचे डबे बाहेर एसीत गार होत पडले. या विरोधाभासावर कृतिपत्रिकेत प्रश्न नाही.

सिनेमा सुटल्यावर डबे घाईनं वाटले गेले. चिरंजीवांच्या हाती कुणाचा तरी प्लॅस्टिकचा निळा डबा आला, त्यात मेथीचे पराठे होते, ते त्यांनी संपवले. आमचा डबा दुसऱ्या कुणाकडे गेला. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा फोटो झळकला. ‘कुणाचा डबा आहे? भाजीत मीठ नाहीये.’ खाली अकरा हसणारे चेहरे. त्यातला एक वर्गशिक्षिका बाईंचा.

बाई, श्यामची आईही एकदा भाजीत मीठ घालायला विसरते. श्यामचे वडील ती अळणी भाजी मुकाट्यानं खातात, चकार शब्द काढत नाहीत. नंतर आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि तिचा जीव कासावीस होतो. पुस्तकात त्यावर एक अख्खी रात्र आहे. ती वाचताना मला रडू आलं होतं, अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतःच्या स्वयंपाकघरात. १९८४च्या बाईंना कळवायचं राहून गेलं.

तरी मुलाचे पाच गुण गेले ते जाऊ द्यावेत. डबा मात्र परत हवा आहे. तीन पुडांचा, उभा, स्टीलचा, वरच्या झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे आणि एका बाजूची कडी सैल आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी शिपाईमामांकडे द्यावा. त्यांचा निळा डबा धुऊन ठेवला आहे. पराठ्यांत मीठ व्यवस्थित होतं, असं चिरंजीव सांगतात.

आपली नम्र,
सातवी ‘ब’मधल्या एका पाल्याची आई